आईच्या गाडीचा किक शाफ्ट

आईच्या गाडीची किक पहिल्यांदा घसरली ती डेअरीच्या दारात. दूध घालून ती गाडीवर बसली, किक मारली आणि पाय सरळ खाली गेला. आत काही अडलंच नाही. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या किकेला गाडी लागली. संध्याकाळी तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते, रांजणगावहून शिरूरला परतत होते. मी नुसतं हं हं केलं आणि विषय बदलला.

आई न्हावऱ्याला एकटी राहते. दोन म्हशी, थोडा ऊस, थोडा कांदा. मी एकुलती, माझा संसार शिरूरला. वडील जाऊन काही वर्षं झाली. गाडी कागदोपत्री वडिलांची होती, पण खरी ती आईचीच. वडील रांजणगावात अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एकात कामाला लागले, आणि बरोबरीच्या सगळ्यांनी घेतली म्हणून त्यांनीही ती शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. त्यांना न्यायला फाट्यावर कंपनीची बस यायची, त्यामुळं गाडी दिवसभर दारात उभी. शिवाय गिअर टाकताना ते असे काही अवघडून जायचे की गाडीही अवघडून बंद पडायची. आई त्या वेळी दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन डेअरीपर्यंत चालत जायची. गिअर कुठं आणि ब्रेक कुठं एवढं तिनं वडिलांना विचारून घेतलं, एका दुपारी गाडी ढकलत कालव्याच्या चारीकडेच्या रस्त्यावर नेली आणि बाकीचं पडत-धडपडत स्वतःच शिकली.

ती नऊवारी नेसते. काष्ट्याचं लुगडं आणि मोटरसायकल यांचं उत्तम जमतं, हे तिला बघूनच मला कळलं. पहिले काही दिवस लोक चावडीपुढं उभं राहून बघायचे. नंतर बघायचं सोडून निरोप द्यायला लागले, वहिनी, शिरूरला निघालाच हायसा तर येवढं औषध घेऊन या. वडील तिच्या मागं बसून फाट्यापर्यंत जायचे, जेवणाचा डबा मांडीवर धरून. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला असं मला कधी दिसलं नाही. उलट कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "मला डायवर हाय, तुला हाय का?"

किक घसरायला लागल्यावर आईनं गावातल्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं क्लचच्या बाजूचं कव्हर उघडलं आणि निदान केलं, किक शाफ्टचे दाते गेलेत. किक शाफ्ट म्हणजे अंगठ्याएवढा जाड पोलादी दांडा. एका टोकाला त्याच्यावर बारीक दाते असतात, त्या दात्यांवर किक बसते आणि पायाचा जोर इंजिनात पोचतो. दाते झिजले की किक नुसतीच फिरते. मेकॅनिकनं बाजारात मिळाला तो शाफ्ट बसवला. तो थोडे दिवस टिकला आणि गुळगुळीत झाला. दुसरा बसवला, त्याचंही तेच.

"काकू, ह्यो लोकल माल हाय. मऊ पडतो," तो म्हणाला. "कंपनीचा मिळाला तर आणा, बसवून देतो. न्हाईतर ढकलून चालू करत जावा."

आणि आई ढकलून चालू करू लागली. रात्री गाडी घरासमोरच्या चढावर लावायची, सकाळी कॅन अडकवून उताराला सोडायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. गाडी एक गचका खाऊन चालू व्हायची. डेअरीच्या दारात मात्र उतार नव्हता. तिथं कुणाला तरी धक्का मारायला सांगावं लागायचं. आयुष्यात आईनं कुणाला काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि आता दिवसातून दोनदा तिला कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं लागत होतं. त्याचं तिला फार लागलं असावं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. एक दिवस फोन करून एवढंच म्हणाली, "पोरी, तू कंपनीत पार्टच बघती ना? मंग मला एक पार्ट हुडकून दे."

मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. पार्ट म्हणजे माझ्यासाठी कॉम्प्युटरवरचा एक लांबलचक कोड. मॉडेल बंद झालं की त्या कोडपुढं लाल अक्षरं येतात, आणि मग ती वस्तू कुणी मागायची नसते. आईला मी हो म्हणाले, पण पार्ट मिळणार नाही म्हणून मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं. हंगाम सुरू झाला की न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागं दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. त्या ट्रॉल्यांमधून नऊवारीतली माझी आई वाट काढत जाते हे चित्र डोळ्यांपुढं आलं की मला हातातलं काम सुचत नसे. तिला मी आधी एकदा बिनगिअरची स्कूटर घेऊन देते म्हणाले होते. तिनं माझी स्कूटर एक चक्कर मारून बघितली आणि किल्ली परत दिली. म्हणाली, "ह्याच्यात हातापायाला कामच न्हाई. झोप लागल."

शिरूरच्या एका दुकानात मी विचारायला गेले. काउंटरवरच्या माणसानं मला विचारलं, "मॅडम, ओरिजिनल पाहिजे का ओरिजिनलसारखं?"

"ओरिजिनल."

त्यानं एक डबी पुढं सरकवली. कंपनीचं नाव, चकचकीत स्टिकर, सगळं होतं. मी डबी उलटसुलट करून पाहिली. आमच्या स्टोअर्सच्या कोपऱ्यात जुन्या मालाचे काही खोके आहेत. त्यांचा पुठ्ठा पिवळा पडतो, शाई फिकी होते, कडा भुगा झाल्यासारख्या सुटतात. ही गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि डबी मात्र काल छापल्यासारखी. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला आणि डबी परत घेतली.

"दौंडला बघा," तो म्हणाला. "एक जुनं दुकान आहे. त्या गाडीची एजन्सी होती त्यांच्याकडं. आता ते दुसराच धंदा करतात, पण माळ्यावर एखादा पीस असला तर असेल."

हे मी आईला सांगितलं. दौंड लांब आहे, ती काही तिथवर जायचं म्हणणार नाही, असा माझा हिशेब होता. ती म्हणाली, "तुझी सुट्टी कवा हाय?"

सुट्टीच्या दिवशी मी स्कूटरवर न्हावऱ्याला गेले. आई तयार होती. झिजलेला शाफ्ट तिनं जुन्या धडप्यात गुंडाळून पिशवीत ठेवला होता, नमुन्याला म्हणून. ती माझ्या मागं बसली आणि पारगावचा पूल येईपर्यंत तिनं मला गाडी शिकवली. खड्ड्याच्या आधी वेग मार, खड्ड्यात मारू नको. ट्रकच्या मागं चिकटू नको, डायवरला आरशात दिसशील अशी चाल. पुलावर वारं होतं, भीमेचं पाणी खाली संथ पसरलेलं. पूल संपला तशी ती एकदम म्हणाली, "तुला मी चालवलेली आवडत न्हाई, व्हय ना?"

"तसं नाही गं. भीती वाटते."

"मला पण वाटती," ती म्हणाली. "म्हणून तर नीट चालवते."

केडगाव, चौफुला, पाटस करत आम्ही दौंडला पोचलो. दुकान बाजारपेठेत होतं. दर्शनी भागात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या मांडलेल्या, मालक साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला. आईनं धडपं सोडून शाफ्ट त्यांच्यापुढं ठेवला.

"शेठ, असला पाहिजे. कंपनीचा."

त्यांनी तो उचलला, दाते नसलेलं टोक बघितलं आणि मला विचारलं, "गाडी कोण चालवतं? तुमचे मिस्टर?"

"मी चालवते," आई म्हणाली.

शेठनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडं नीट बघितलं. मग आत गेले. शिडी सरकवल्याचा आवाज आला, वरून धूळ पडली. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात एक फिकट पुठ्ठ्याची डबी होती. कोपरे मऊ पडलेले, त्यावरचे आकडे जेमतेम वाचता येत होते. आत तेलकट कागद, आणि कागदात किक शाफ्ट. इतकी वर्षं अंधारात पडून राहिलेला, पण काळसर चकाकणारा. सगळे दाते जागच्या जागी. आईनं तो हातात घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी फक्त म्हैस व्याल्यावर बघितलंय.

"पण मावशी, एक अडचण आहे," शेठ म्हणाले. "हा शेवटचा आहे, आणि केडगावच्या एका गिऱ्हाइकानं सांगून ठेवलाय. माळा आवरताना परवाच सापडला. मी त्यांना फोन करून शब्द दिलाय."

"मंग मला दावला कशापायी?"

"एवढ्या लांबून आलात. नुसतं नाही म्हणून कसं परत पाठवायचं? म्हटलं, बघा तरी."

आईनं शाफ्ट काउंटरवर ठेवला. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्याच्या खाली कुठंतरी बरंही वाटत होतं. मग आईनं विचारलं, "त्या मान्साला इचारून बघता येईल का?"

शेठनी फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. शेठ नुसते बरं, बरं म्हणत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "घरी या म्हणतात. बोलू म्हणतात. देतील असं काही मला वाटत नाही." मग त्यांनी शाफ्ट पुन्हा तेलकट कागदात गुंडाळला, डबीत घातला आणि डबी आईच्या हातात दिली. "तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार. एवढा नेऊन द्या त्यांना. त्यांची खेप वाचेल."

"माझ्यापाशी देता?" आई म्हणाली.

"का? पोचणार नाही का?"

"पोचंल की."

आम्ही निघालो. डबी आईनं पिशवीत टाकली नाही, हातातच धरली होती. तिचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा डबीवर. पाटसला आम्ही चहाला थांबलो. टपरीच्या बाकड्यावर बसून आईनं डबी उघडली, कागद बाजूला केला आणि शाफ्ट मांडीवर घेतला. मग पिशवीतून स्वतःचा झिजका काढून त्याच्याशेजारी ठेवला. दोन्ही एकाच मापाचे, एक शाबूत आणि एक बोथट.

"वाटंत कुठंतरी पडला म्हणलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तर कुणाला कळतंय?"

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. आई गंमत करत होती की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. ट्रक जात राहिले. चहा निम्मा झाल्यावर तिनं नवा शाफ्ट कागदात गुंडाळला. कागदाची घडी दुकानात होती तशीच जमेना, म्हणून तिनं दोनदा सोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "चल. वाट बघत असत्याल."

केडगावचं घर रेल्वे फाटकापासून जवळ होतं. गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, दारात आमची वाटच बघत उभे होते. पाठ ताठ, पण चालताना एका हातानं भिंतीचा आधार घेत होते. पडवीत त्यांची गाडी स्टँडवर उभी होती. मी तशी गाडी लहानपणीसुद्धा एवढी नवी बघितलेली नव्हती. टाकीचा रंग, त्यावरचे पट्टे, हँडलची मूठ, सीटची शिवण, सगळं जसंच्या तसं. फक्त उजव्या बाजूचं कव्हर काढलेलं होतं आणि खाली स्वच्छ फडक्यावर सुटे भाग ओळीनं मांडलेले.

त्यांनी डबी घेतली, शाफ्ट बाहेर काढून उजेडात धरला आणि काही वेळ आमच्याकडं त्यांचं लक्षच राहिलं नाही. मग भानावर येऊन त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि आपणहून सगळं सांगू लागले. ही गाडी त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला घेतली होती. पुढं चारचाकी आली तेव्हा विकली. कित्येक वर्षांनी दौंडला एका भंगारवाल्याच्या दारात त्यांना ती उभी दिसली, चाकं नसलेली. नंबर त्यांना पाठ होता. ती त्यांनी टेम्पोत घालून घरी आणली आणि ठरवलं, शोरूममधून आली त्या दिवशी होती तशी करायची. प्रत्येक वस्तू नवी, आणि प्रत्येक वस्तू कंपनीची. त्यासाठी पुणं झालं, नगर झालं, सोलापूर झालं. स्क्रूसुद्धा त्यांनी हुडकून आणले होते.

"हा एकच राहिला होता, ताई," ते म्हणाले. "ह्याच्यासाठी मी लई थांबलोय."

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, माझी गाडी रोज दोन टाइम डेअरीला जाती. तुमची कुठं जाती?"

"आता जाईल की."

"कुठं?"

काकांनी गाडीकडं बघितलं. "कुठं म्हंजी... चालू झाली म्हंजी झालं."

"मला धक्का मारायला रोज मानूस लागतंय," आई म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना. "म्हातारपणी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं माझ्या जिवावर येतंय, भाऊ. तुम्ही आधी सांगितलं हुतं, मान्य हाय. तुमच्या हक्काचा हाय. पण इचारल्याबिगर माझ्यानं जाववना."

डबी काकांनी दोन्ही हातांत धरलेली. त्यांना नाही म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. ते बघून मला त्यांचीच दया आली. त्या माणसाची काही चूक नव्हती. आईचीही नव्हती. एक वस्तू होती आणि दोन माणसं होती.

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, ह्याच्यातून काढलेला जुना कुठंय?"

"जुना?" काका म्हणाले. "तो वापरलेला आहे. तसला कसा द्यायचा कुणाला?"

"बघू तरी द्या त्यांना."

काकांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. गाडीतून काढलेले सगळे जुने भाग त्यांनी त्यात ठेवले होते, एकही टाकलेला नव्हता. तळातून त्यांनी एक शाफ्ट काढला, फडक्यानं पुसला आणि संकोचानं आईपुढं धरला. आईनं तो घेतला, पदरानं पुन्हा पुसला आणि दात्यांवरून अंगठा फिरवला. दाते होते. कडा किंचित गोल झाल्या होत्या, पण होते.

"ह्याला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. जुना आहे."

"चांगला हाय की. मंग काढला कशाला?"

"नवा बसवायचा म्हणून."

आई त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. काकाही हसले, आधी ओशाळून, मग मोकळेपणानं. "कंपनीचाच आहे तो," ते म्हणाले. "गाडीबरोबर आलेला. पण किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही."

"माझं तरी कुठं सांगता येतंय," आई म्हणाली आणि शाफ्ट धडप्यात गुंडाळला.

ओरिजिनल या शब्दाचा माझा अर्थ स्टिकर आणि कोड एवढाच होता. त्या पडवीत बसलेल्या दोघांचे अर्थ माझ्याहून वेगळे होते आणि एकमेकांहूनही. काकांना वस्तू पहिल्या दिवशीसारखी हवी होती, वापराचा ओरखडासुद्धा नसलेली. आईला ओरखड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त तिच्या पायाचा जोर आतपर्यंत पोचायला हवा होता. दोघंही आपापल्या परीनं म्हातारपणाशी झगडत होते असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, झगडत वगैरे काही नव्हते. दोघांनाही ती गाडी आवडत होती, एवढंच.

मग ते दोघं गाडीशी जाऊन बसले. पेट्रोलात ऑइल किती टाकायचं, थंडीत चोक किती ओढायचा, सायलेन्सर कधी आणि कसा साफ करायचा, त्यांच्या गप्पा संपेनात. मी कपबशा घेऊन काकूंच्या मागं स्वयंपाकघरात गेले. काकू नळ सोडून म्हणाल्या, "तुम्हाला भीती नाही वाटत? ह्या वयात गाडी म्हंजी."

"वाटते," मी म्हणाले. "हा पार्ट मिळालाच नसता तर बरं झालं असतं, असं आज दौंडच्या दुकानातसुद्धा वाटत होतं."

काकूंनी नळ बंद केला. "मलाही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी दुचाकीवर बसायचं नाही म्हणून सांगितलंय. एकच पार्ट राहिला होता. मी देवाला म्हणायचे, तो तेवढा राहू दे. परवा दौंडहून फोन आला, तो सापडला म्हणून."

"मग तुम्ही जुन्याची आठवण कशाला करून दिलीत? आई रिकाम्या हातानं परत गेली असती."

"त्या थांबणार होत्या का?" काकू म्हणाल्या. "रोज कुणाला तरी धक्का मारायला लावून निघतातच ना? मग किक मारून निघू दे. आणि ह्यांचं तोंड बघितलंत ना तुम्ही. नवा देऊन टाकला असता तर परत ते गावोगाव हिंडायला लागले असते. त्यापेक्षा एकदाची होऊ दे चालू."

त्यांच्या बोलण्यात कंटाळा नव्हता की त्रागा नव्हता. बऱ्याच दिवसांपासून मनात ठरवून ठेवलेली गोष्ट कुणाला तरी सांगावी तसं त्या बोलत होत्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण तो ओला होता आणि आमची ओळख अर्ध्या तासाची. मी कपबशा पुसून मांडणीत लावल्या.

मेकॅनिकनं दुसऱ्याच दिवशी तो शाफ्ट बसवला. मी त्या वेळी कामावर होते. आईचा फोन आला, आधी नुसता इंजिनाचा आवाज. मग म्हणाली, "पैल्या किकंला." मला आनंद झाला. भीती होतीच, ती काही गेली नाही, पण आनंद खरा होता. मी तिला त्याच फोनवर एक कबूल करायला लावलं की ट्रॉल्या चालू झाल्या की ती मोठ्या रस्त्यानं जाणार नाही, चारीच्या कडेनं जाईल, आणि दिवे लागायच्या आत घरी येईल. तिनं कबूल केलं. बहुतेक वेळा पाळतेही. पाळत नाही तेव्हा ती मला सांगत नाही, पण डेअरीवरचं कुणीतरी सांगतं.

काकांची गाडी पुरी व्हायला आणखी थोडे दिवस लागले. मी न्हावऱ्याला आले होते, आई अंगणात वैरण टाकत होती, तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांना बोलायचं नव्हतं, ऐकवायचं होतं. त्यांनी फोन सायलेन्सरजवळ धरला असावा. मी स्पीकर चालू केला. आई वैरणीची पेंढी हातात घेऊन, मान तिरकी करून ऐकत राहिली. म्हशीही कान टवकारून बघत होत्या.

"भाऊ," ती मोठ्यानं ओरडली, "आवाज ब्येस हाय. पण आयडल वर हाय. जरा खाली घ्या."

पलीकडून थोडा वेळ खुडबुड झाली आणि आवाज खाली आला. "आता?" काकांनी विचारलं.

"आता झ्याक."

पुढच्या आठवड्यात काकूंनी मला फोन केला. पहिल्यांदा इकडचं तिकडचं बोलल्या, आईची तब्येत, कांद्याचा भाव. मग म्हणाल्या, काल सकाळी आम्ही वरवंडपर्यंत जाऊन आलो. मी विचारलं, गाडीवर? हो, म्हणाल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. मी मागं बसले होते. ह्यांनी अगदी सायकलच्या वेगानं चालवली, लोक हॉर्न वाजवून पुढं जात होते. जाताना मी एकदाही बोलले नाही आणि हेही बोलले नाहीत.

"आणि येताना?" मी विचारलं.

"येताना मेथी घेतली," काकू म्हणाल्या. "दोन जुड्या. चांगली मिळाली."